स्क्रीनविना छपाई : छोट्या ऑर्डरचा नवा हिशेब

छपाईच्या धंद्यात पहिला मोठा खर्च स्क्रीनचा. नक्षीत जितके रंग तितक्या स्क्रीन. हा खर्च हजारो मीटरवर विभागला तरच परवडतो, म्हणून छोटी ऑर्डर सहसा कोणी घेत नाही. डिजिटल छपाईत स्क्रीन लागतच नाही. संगणकातील नक्षी मशीन शाईचे बारीक थेंब सोडून थेट कापडावर उतरवते. दहा मीटर काढा की शंभर, मीटरमागे खर्च जवळपास तोच. मोठ्या मालाला मात्र आजही स्क्रीनच स्वस्त पडते. म्हणून आम्ही दोन्ही दर मागवतो, मगच ठरवतो.

कापडाप्रमाणे शाई बदलते. सुतीला रिअ‍ॅक्टिव्ह, रेशीम-लोकरीला अ‍ॅसिड, पॉलिएस्टरला डिस्पर्स. भिवंडी-मालेगावचे सुती ग्रे कापड थेट मशीनवर चढत नाही. आधी खळ काढून ब्लीच करावे लागते, मग सोडा-युरियाचा लेप द्यावा लागतो. छपाईनंतर वाफ देऊन धुतले तरच रंग पक्का बसतो. कोणी फारच स्वस्त दर सांगितला, तर यातला कोणता टप्पा गाळला ते आधी विचारावे. पॉलिएस्टरची नक्षी बहुधा कागदावर छापून सुमारे २०० अंश सेल्सिअस उष्णतेने कापडावर उतरवतात.

वॉलपेपरलाही हीच सोय आहे. रोटरी स्क्रीनवर नक्षी साधारण ६४ सेंटिमीटरवर पुन्हा येते. डिजिटलमध्ये हे बंधन नाही, पूर्ण भिंतीचे एकच चित्र काढता येते. एका भिंतीच्या सर्व पट्ट्या एकाच वेळी छापून घ्याव्यात, नाहीतर छटेत फरक पडतो. पडदा आणि भिंत एकाच नक्षीची हवी असेल तर दोन्हींचे नमुने शेजारी ठेवून पाहावेत. संगणकाच्या पडद्यावरचा रंग प्रमाण मानू नये.

स्क्रीन गेली तशी नक्षीची किंमत वाढली. फाइल हाती पडली की दुसराही तोच माल दोन दिवसांत काढू शकतो. डिझाइन्स अ‍ॅक्ट, २००० प्रमाणे नव्या नक्षीची नोंदणी करता येते. संरक्षण दहा वर्षे, पुढे आणखी पाच वर्षे वाढते. अर्ज मात्र माल बाजारात येण्यापूर्वीच करावा लागतो. नोंदणी न करता नक्षीच्या पन्नासपेक्षा जास्त प्रती छापल्या, तर कॉपीराइटही उरत नाही.

आपल्या कारागीर बांधवांच्या हातात बेलबुट्टी आणि जाळीचे हुन्नर पिढ्यान् पिढ्यांचे आहे. घरातील मुलांनी ते संगणकावर उतरवायला शिकावे, आणि फाइल छापखान्यात देण्यापूर्वी अर्ज दाखल करावा.