नांदुऱ्यात रीफ टँक: ऐकीव गोष्टी आणि खरी परिस्थिती

मुंबई–नागपूर लोहमार्गावर मुंबईपासून पाचशे किलोमीटरच्या पुढे असलेल्या नांदुऱ्यात सहा फुटी रीफ टँक बसवता येतो का? येतो. पण खाऱ्या पाण्यातल्या जीवांचा टँक म्हटलं की बोलणं थेट माशांच्या रंगांवर जातं. इथे टँक टिकणार की नाही हे पाणी, फरशी आणि मे महिना हे तिघं ठरवतात, आणि तेही पहिला मासा घरात येण्याच्या कितीतरी आधी. या तिघांबद्दलच सर्वात जास्त चुकीचं ऐकायला मिळतं.

“आपल्याकडे तर पाणी मुळातच खारं. वेगळं मीठ कशाला?”

खारपाणपट्ट्यातल्या माणसाला हे पटकन पटतं. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या गाळाच्या खोऱ्यात भूजल खारं आहे, आणि नांदुरा तालुक्याच्या उत्तरेला तीच पूर्णा आहे. तोंडाला दोन्ही पाणी खारट लागतं, पण त्यांची घडण निराळी आहे. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. बोअरच्या पाण्यात ते बहुतेक ठिकाणी काही ग्रॅमच्या पुढे जात नाहीत. समुद्रात लिटरमागे जवळपास 1300 मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि 400 हून थोडं जास्त कॅल्शियम असतं, आणि प्रवाळाचा सांगाडा त्याच कॅल्शियमवर वाढतो. बोअरच्या पाण्यात हे प्रमाण जुळत नाही. वर शेतातून झिरपलेलं नायट्रेट येतं, ते शेवाळाचं खाद्य.

जिल्ह्यातलंच दुसरं उदाहरण लोणारचं. ते सरोवरही खारं आहे, पण त्याच्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास आहे आणि समुद्राचा 8.1 ते 8.2. लोणारच्या पाण्यात रीफचा मासा जगणार नाही. स्वयंपाकघरातलं मीठ म्हणजे जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड, त्यामुळे तेही बाद.

म्हणून पाणी आधी पूर्ण निर्मळ करायचं आणि मग त्यात मरीन सॉल्ट घालायचं. हजार लिटरच्या टँकला 35 किलोहून थोडं जास्त सॉल्ट लागतं. वीस लिटरचा आरओ जारही चालत नाही, कारण पिण्याच्या पाण्यात काही क्षार मुद्दाम ठेवलेले असतात. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर आकडा शून्य हवा. त्यासाठी आरओच्या पुढे उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनचा टप्पा लागतो, आणि पाणी जितकं खारं तितकं ते रेझिन लवकर संपतं.

यातली एक गोष्ट मला गंभीर वाटते. हजार लिटर शुद्ध पाणी काढताना त्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी आरओमधून बाहेर पडू शकतं. उन्हाळ्यात नळाची वाट पाहणाऱ्या गावात ते गटारात सोडणं बरोबर नाही. ते अंगण धुवायला, संडासाला वापरावं. झाडांना मात्र घालू नये, कारण ते मूळ पाण्यापेक्षा जास्त खारं असतं. टँक भरायचा तर दिवाळीनंतर भरावा, एप्रिलमध्ये नव्हे.

“स्टँड लोखंडी आहे, मग वजनाची काय काळजी?”

स्टँड वजन पेलतो आणि ते सगळं फरशीवर सोडतो. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, अडीच फूट उंच टँकमध्ये साधारण हजार लिटर पाणी मावतं. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा जड, म्हणजे पाणीच टनाहून जास्त. जाड काच दोनेकशे किलो, शिवाय खडक, वाळू, स्टँड आणि खालची फिल्टरची टाकी, म्हणजे संप. बेरीज दीड टनाच्या वर जाते, आणि हे सगळं पंधरा चौरस फुटांत. घरातल्या खोल्यांच्या स्लॅबसाठी भारतीय मानक आयएस 875 दर चौरस मीटरला 200 किलोच्या आसपास भार धरतं. टँकखाली तो त्याच्या पाचपट होतो. तुलना ढोबळ आहे, कारण भार स्लॅब आणि बीममध्ये वाटला जातो. तरी वरच्या मजल्यावर टँक ठेवायचा तर बीम कुठून जातो हे इंजिनिअरला विचारल्याशिवाय जागा ठरवू नये.

“मग तळमजल्यावर ठेवू, खाली जमीनच आहे,” हा याच गैरसमजाचा पुढचा भाग. आपल्याकडची जमीन काळी आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. भराव नीट ठोकलेला नसेल तर फरशी एका कोपऱ्यात खचते. नोव्हेंबरमध्ये अचूक लेव्हलला बसवलेला टँक जुलैत एका बाजूला झुकलेला असू शकतो, आणि तेव्हा ताण सिलिकॉनच्या जोडावर येतो. टँकखालची जागा खणून सोलिंग आणि पीसीसी करून घेणं हा खर्च टाळू नये. गवंडी वापरतो ती पाण्याची लेव्हल-ट्यूब इथेही उत्तम काम देते. पहिला पावसाळा संपेपर्यंत महिन्यातून एकदा चारही कोपरे तपासावेत.

“थोडं पाणी आणि मासे आतच ठेवून टँक उचलू”

नाही. जुना, चालू टँक दुसऱ्या जागी नेताना चार इंच पाणी ठेवलं तरी या मापाच्या टँकमध्ये ते सव्वाशे किलोच्या पुढे जातं, आणि टेम्पो वळला की सगळं एका काचेवर आदळतं. टँक पूर्ण रिकामा करून, तळ सपाट फळीवर सगळीकडून टेकवूनच हलवावा. नवा टँक असेल तर घरात घेण्याआधी बाहेर भरून किमान एक दिवस गळती पाहावी.

“जुनं पाणी नेलं की झालं, सगळे जिवाणू त्यातच असतात”

अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते खडकांना, वाळूला, फिल्टरला चिकटून राहतात. म्हणून ओले ठेवायचे ते खडक. जुनी वाळू मात्र जशीच्या तशी नव्या टँकमध्ये ओतणं धोक्याचं आहे. तिच्या खालच्या थरात साचलेली घाण आणि कधी हायड्रोजन सल्फाइड असतं. वाळू हलली की ते पाण्यात मिसळतं, आणि दुसऱ्या सकाळी मासे मेलेले दिसतात. वाळू नवी घ्यावी किंवा खाऱ्या पाण्यात स्वच्छ धुऊन वापरावी.

“एसी नाही तर चिलर लावू, नाहीतर कूलर आहेच”

रीफच्या जीवांना 25 ते 27 अंश मानवतं. मे महिन्यात इथे बाहेर पारा 44 च्या वर जातो. खुल्या समुद्रातसुद्धा नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखादा अंश जास्त काही आठवडे टिकला की प्रवाळ पांढरे पडतात.

चिलर पाण्यातली उष्णता काढून खोलीतच सोडतो. बंद खोलीत तो स्वतःशीच झगडत राहतो. त्याची गरम हवा बाहेर जायला वाट हवी.

कोरड्या विदर्भात मात्र एक साधा उपाय कोकणापेक्षा चांगला चालतो: पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा. हजार लिटर पाणी एक अंशाने गार व्हायला सुमारे पावणेदोन लिटर पाण्याची वाफ पुरते. हवा कोरडी, तर वाफ जोरात. त्याच खोलीत पाण्याचा कूलर लावला की हवा दमट होते आणि पंख्याचा परिणाम घटतो. माणसांसाठी कूलर हवाच, तर टँक दुसऱ्या खोलीत असावा. वाफ होते ती फक्त पाण्याची, मीठ आत राहतं. म्हणून रोजची भर शून्य टीडीएसच्या गोड्या पाण्याने घालावी, खाऱ्याने नाही.

वीज गेली की पहिला धोका उष्णतेचा नसून प्राणवायूचा असतो. घरचा इन्व्हर्टर चिलर ओढू शकत नाही, पण पाणी हलवणारा एक छोटा पंप तासन्‌तास चालवतो. इन्व्हर्टरवर तोच ठेवावा.

“पाणी नितळ दिसतंय, मासे सोडा”

अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. कोरड्या खडकांनी सुरू केलेल्या टँकला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही चाचणीत शून्य येईपर्यंत थांबावं.

मासे आल्यावर “थेंबथेंब करून तासभर पाणी मिसळा” हा सल्ला रात्रभर प्रवास केलेल्या माशांना घातक ठरू शकतो. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचून सामू उतरतो आणि अमोनियाचा विखार दबलेला राहतो. पिशवी उघडली की तो वायू उडतो, सामू चढतो, आणि तोच अमोनिया विषारी होतो. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवावं. नवे मासे आधी ठेवायच्या वेगळ्या टाकीची क्षारता पिशवीतल्या पाण्याइतकी आधीच करून ठेवलेली असावी, म्हणजे मासे लगेच तिथे सोडता येतात.

“पैसे मोजले, बिल घेतलं, म्हणजे प्रवाळ कायदेशीर”

रीफ बांधणारे सगळे खडकाळ प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडेही त्याच संरक्षणात येतात. शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे. हा नियम किती कडक पाळावा लागतो हे मुंबईत दिसलं. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या 18 वसाहती दुसरीकडे हलवल्या. त्यासाठी महापालिकेलाही वनविभागाची परवानगी घ्यावी लागली, आणि काम गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांवर सोपवलं गेलं. आपल्या बैठकीसाठी कुणी समुद्रातून प्रवाळ तोडून आणावं, हे मला कायद्यापलीकडेही मान्य नाही.

मग टँकमध्ये काय ठेवायचं? समुद्रातल्या जिवंत खडकाऐवजी सिमेंटचे किंवा सिरॅमिकचे खडक वापरता येतात, फक्त त्यांवर जिवाणू बसायला वेळ द्यावा लागतो. क्लाउनफिशची पैदास आता बंदिस्त टाक्यांत होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम केंद्रात ते तंत्र बसवलं गेलं. असे पैदाशीचे मासे मागावेत, ते टँकमधलं खाणंही लवकर घेतात. विक्रेत्याकडून प्रत्येक जिवाचं शास्त्रीय नाव बिलावर लिहून घ्यावं, आणि ते नाव स्क्लेरॅक्टिनिया, म्हणजे खडकाळ प्रवाळांच्या, गटातलं निघालं तर तो जीव घेऊ नये.