नाला, नदी आणि पाणलोट : नाशिकच्या नंदिनीच्या निमित्ताने

नागरी वस्तीतून वाहणाऱ्या लहान प्रवाहांचे पुनरुज्जीवन हा विषय सामान्यतः अभियांत्रिकीच्या किंवा आरोग्यशास्त्राच्या कक्षेतला मानला जातो. परंतु या कार्यात पडलेल्या नागरिकांपुढे उभा राहणारा पहिला प्रश्न पुष्कळदा शब्दाचा असतो. डोळ्यांसमोरून वाहते ते पाणी 'नदी' म्हणावयाचे की 'नाला', यावर त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी, त्याची जबाबदारी घेणारे खाते आणि त्यावर होणारा खर्च या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी अवलंबून असतात. नाशिकजवळील अंबड परिसर आणि त्यालगत वाहणारी नंदिनी यांच्या उदाहरणावरून प्रस्तुत लेखात या संबंधाचा विचार केला आहे.

१. अंबडची जलरचना

नाशिक शहराच्या नैऋत्येस असलेले अंबड (जालना जिल्ह्यातील त्याच नावाच्या गावाहून हे भिन्न) आज मुख्यतः औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली. त्यानंतर प्रथम सातपूर आणि मागाहून अंबड येथे कारखाने उभे राहिले. १९८२ साली नाशिक महानगरपालिका अस्तित्वात आल्यावर हा सारा भाग शहराचा घटक बनला.

भूरचनेच्या दृष्टीने हा परिसर दोन प्रवाहांच्या मध्ये वसला आहे. उत्तरेकडील उताराचे पाणी नंदिनीकडे जाते, दक्षिणेकडील वालदेवीकडे. वालदेवी दारणेला आणि दारणा गोदावरीला मिळते. नंदिनीचा उगम पश्चिमेस बेळगाव ढगा परिसरातील डोंगरउतारांवर आहे. तेथून ती सातपूर व अंबड यांच्या मधून, उंटवाडी, मुंबई नाका व द्वारका यांच्या जवळून वाहत टाकळी येथे गोदावरीस मिळते. एकाच गावाच्या दोन अंगांवर पडलेला पाऊस अशा रीतीने दोन निराळ्या वाटांनी अखेर गोदावरीतच पोहोचतो.

या प्रवाहांची आजची अवस्था समजण्यासाठी एक साधी गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. दख्खनच्या पठारावर पाऊस चार महिने पडतो. उरलेले आठ महिने ओढ्यांना पाणी पुरवितो तो बसाल्ट खडकाच्या भेगांत व वरच्या झिजलेल्या थरात मुरलेला साठा. हा साठा मुळातच मर्यादित असतो. डोंगराचा उतार खणला गेला आणि सपाटीवर रस्ते, छपरे व फरशा झाल्या, की मुरणारे पाणी घटते. पावसाळ्यात पूर अधिक वेगाने येतो, आणि पावसाळा संपताच प्रवाह आटतो. मग पात्रात जे वाहताना दिसते ते घरांचे व कारखान्यांचे सांडपाणी असते. मूळ नदी आटून गेली आणि तिच्या रिकाम्या पात्रात दुसरेच पाणी वाहू लागले, असे या अवस्थेचे वर्णन करता येईल.

२. प्रवाहवाचक शब्द आणि त्यांची क्रियापदे

मराठीत वाहत्या पाण्याला शब्दांची वाण नाही. झरा, ओहोळ, ओढा, नाला, नदी हे देशावर, तर वहाळ व पऱ्ह्या हे कोकणात प्रचलित आहेत. यांतील 'नाला' हा शब्द मूलतः हीनत्वदर्शक नव्हता. पाण्याचा वाहता मार्ग एवढाच त्याचा आशय होता, आणि ग्रामीण बोलण्यात तो आजही त्या अर्थाने ऐकू येतो. मृदसंधारणाच्या कामातील 'नालाबांध' या शब्दात तोच अर्थ आहे. नागरी मराठीत मात्र त्याचा अर्थसंकोच होऊन तो जवळजवळ गटाराचा पर्याय बनला.

हा अर्थबदल शब्दांच्या साहचर्यावरून स्पष्ट दिसतो. नदीला काठ, तीर, घाट आणि संगम असतात. नाल्याला कड, भिंत, तोंड आणि झाकण असते. नदी स्त्रीलिंगी असल्याने तिच्याविषयी आई, माय, भगिनी अशी नातेवाचक भाषा सहज येते. पुल्लिंगी नाल्याशी असे नाते कोणी जोडत नाही. क्रियापदेही निराळी आहेत. नाला 'वळवितात', 'बांधतात', 'बुजवितात' आणि दरवर्षी मे महिन्यात 'साफ करतात'.

शेवटच्या क्रियापदापाशी थोडे थांबले पाहिजे. 'नालेसफाई' आणि 'पुनरुज्जीवन' यांत केवळ प्रमाणाचा भेद नाही; दोहोंचे हेतू परस्परविरुद्ध आहेत. नालेसफाईत पाणी शक्य तितक्या लवकर निघून जावे, ही अपेक्षा असते. त्यासाठी गाळ काढतात, काठची झुडपे तोडतात, पात्र सरळ व गुळगुळीत करतात. पुनरुज्जीवनात पाणी रेंगाळावे, मुरावे, काठच्या मुळांत व वाळूत गाळले जावे, ही अपेक्षा असते. प्रवाहाला एकदा 'नाला' म्हटले की पहिला हेतू आपोआप मान्य झालेला असतो.

विशेष म्हणजे कायद्याने असा भेद केलेला नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ यातील कलम २० नद्या, ओढे, नाले व तलाव यांची पात्रे सारखीच शासनाच्या मालकीची मानते. कायद्याने सम मानलेल्या गोष्टींत विषमता आली ती व्यवहाराच्या भाषेतून.

३. नासर्डी आणि नंदिनी

नंदिनीला दुसरे नाव आहे 'नासर्डी', आणि शहराच्या बोलण्यात तेच अधिक रूढ होते. नाशिकच्या प्रवाहांत अशा नामयुग्मांचा आढळ वारंवार होतो. पंचवटीकडील वाघाडीला वरुणा म्हणतात. जुन्या शहरातून गेलेल्या प्रवाहाचे नाव तर 'सरस्वती नाला' असे आहे. वैदिक नदीचे नाव आणि नागरी गटाराचा वाचक शब्द एकाच समासात यावेत, यात त्या प्रवाहाचा सारा इतिहास सामावला आहे.

दोन नावांपैकी एक लोकवाणीतले आणि दुसरे संस्कृतप्रचुर असले, म्हणजे दुसरे अलीकडचे व कृत्रिम असे समजण्याची घाई करू नये. समर्थ रामदासांनी टाकळी येथे गोदावरी व नंदिनी यांच्या संगमावर तपश्चर्या केली अशी परंपरा आहे, आणि त्या परंपरेत 'नंदिनी' हे नाव रुजलेले आहे. उलटपक्षी 'नासर्डी' या शब्दात मराठी कानाला 'नासणे' ऐकू येते. ही व्युत्पत्ती नव्हे, केवळ ध्वनिसादृश्य आहे. तथापि लोकमानसात ध्वनिसादृश्याचे बळ व्युत्पत्तीहून कमी नसते. अलीकडे वृत्तपत्रांतून 'नंदिनी (नासर्डी)' असा जोडउल्लेख येतो आणि नदीप्रेमी नागरिक आग्रहाने पहिले नाव वापरतात. या आग्रहामागे भाविकता आहेच. शिवाय हा प्रवाह गटार नसून नदी आहे, असा एक दावाही आहे.

असा दावा किती महत्त्वाचा ठरतो हे मुंबईच्या मिठी नदीवरून दिसते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तोपर्यंत मुंबईतील असंख्य रहिवाशांच्या लेखी मिठी हा एक नाला होता. त्या पुरानंतर, ऑगस्ट २००५ मध्ये, मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले, आणि 'नदी' हा शब्द शासकीय नावात आला. मुंबईतील दहिसर, पोयसर, ओशिवरा व मिठी या चारही प्रवाहांना नदी म्हणून ओळख मिळावी यासाठी पुढे 'रिव्हर मार्च' ही नागरिकांची चळवळ उभी राहिली.

नामांतराची मर्यादाही येथेच सांगितली पाहिजे. दक्षिण कोरियातील सेऊल नगरीच्या मध्यातून वाहणाऱ्या प्रवाहाला पूर्वी 'खोदून मोकळा केलेला प्रवाह' अशा अर्थाचे नाव होते. विसाव्या शतकाच्या आरंभी, जपानी राजवटीत, त्याचे नाव चंगेचन, म्हणजे 'स्वच्छ दरीतला प्रवाह', असे झाले. हे सुंदर नाव धारण करूनही तो घाणीने भरला. १९५८ पासून तो झाकण्यात आला आणि पुढे त्यावर उन्नत मार्ग बांधला गेला. २००३ ते २००५ या काळात तो मार्ग पाडून प्रवाह पुन्हा उघडा करण्यात आला, आणि जगभर त्याची वाखाणणी झाली. परंतु त्यात वाहणारे पाणी मुख्यत्वे हान नदीतून यंत्राने उचलून सोडावे लागते. पात्र परत मिळाले, पण पाणलोट मिळाला नाही.

४. पात्र, काठ आणि पाणलोट

या उदाहरणावरून लोकप्रयत्नांचे तीन स्तर कल्पिता येतात.

पहिला स्तर पात्राचा. कचरा, निर्माल्य व राडारोडा पात्रात पडू न देणे आणि पडलेला काढणे हे त्याचे कार्य. २०२१ साली नाशिकच्या एका रहिवाशाची बातमी देशभर पसरली. दसऱ्यानंतर लोक निर्माल्याच्या प्लॅस्टिक पिशव्या नदीत टाकतात, त्यांना रोखण्यासाठी हे गृहस्थ हातात शिटी घेऊन दिवसभर रस्त्यावर उभे राहत. अशा प्रयत्नांचे नैतिक मूल्य मोठे आहे. परंतु त्यांचा आवाका डोळ्यांना दिसणाऱ्या घाणीपुरता राहतो. पाण्यात विरघळलेली घाण शिटीला जुमानत नाही.

दुसरा स्तर काठाचा. पुण्यातील 'जीवितनदी' या संस्थेने नदीकिनारा दत्तक घेण्याचा उपक्रम चालविला आहे. ठरावीक गट ठरावीक काठावर नियमाने जातो, तेथील झाडे व पक्षी ओळखतो, बदलांची नोंद ठेवतो. काठाच्या संरक्षणाला शासकीय परिभाषेत पूररेषांचा आधार आहे. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा ती निळी रेषा, आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. २००८ च्या महापुरानंतर नाशिककरांना हे शब्द घरोघरी परिचित झाले. कित्येकांना आपले घर नदीच्या घरात आहे, हे त्या रेषांमुळेच प्रथम कळले.

तिसरा आणि सर्वांत दुर्लक्षित स्तर पाणलोटाचा. 'पाणी' आणि 'लोट' यांपासून झालेला हा समास मराठीला ग्रामीण जलसंधारणाने सरावाचा करून दिला. राळेगण सिद्धी आणि हिवरे बाजार येथील कार्याने 'माथा ते पायथा' हे सूत्र रूढ केले : आधी डोंगरमाथ्यावर पाणी अडवावे, मग उतारावर, आणि शेवटी पात्रात. नंदिनीला हे सूत्र लावले तर कामाचा आरंभ टाकळीच्या संगमावर करून चालणार नाही. तो बेळगाव ढग्याच्या डोंगरांवर करावा लागेल. त्या परिसरातील संतोषा व भागडी या डोंगरांच्या उत्खननाविरुद्ध २०२१ साली नागरिकांनी आवाज उठविला, तेव्हा कळत न कळत ते नंदिनीसाठीही बोलत होते.

तथापि, नागरी पाणलोट ग्रामीण पाणलोटाहून एका बाबतीत मूलतः निराळा आहे. खेड्यात पाणी उताराने जाते. शहरात ते उताराने आणि नळाने, अशा दोन मार्गांनी जाते. पाच मैलांवरच्या स्वयंपाकघरातील मोरीही भुयारी गटारामार्फत नदीच्या पाणलोटात असते. जीवितनदीने घरगुती साबण व प्रसाधनांतील रसायनांचा प्रश्न हाती घेतला तो याच जाणिवेतून. अंबडसारख्या ठिकाणी हा भेद अधिकच तीव्र होतो. धातूंना मुलामा देणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यात क्रोमियमसारखे जड धातू असू शकतात. घरगुती मलजलाच्या शुद्धीकरण केंद्रातील जिवाणू सेंद्रिय घाण पचवितात. धातू त्यांना पचत नाहीत, उलट त्या जिवाणूंनाच ते मारक ठरतात. म्हणून अशा पाण्यावर उगमापाशीच निराळी रासायनिक प्रक्रिया अटळ असते. टाकळीचे केंद्र कितीही मोठे केले तरी अंबडचा प्रश्न अंबडमध्येच सोडवावा लागतो.

गोदावरीच्या प्रदूषणासंबंधी २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली, आणि उपाय सुचविण्याचे काम राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे सोपविण्यात आले. मुख्य नदीसाठी सुरू झालेला हा प्रयत्न उपनद्यांपर्यंत पोहोचणे तर्कतः अपरिहार्य आहे. रामकुंडाचे पाणी वरच्या प्रवाहाहून शुद्ध राखता येत नाही, आणि टाकळीखालची गोदावरी नंदिनीहून शुद्ध राहू शकत नाही. २०२६-२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने होणाऱ्या कामांची कसोटी घाटांवर लागेल असे वाटते. ती खरी लागणार आहे या लहान प्रवाहांवर.

५. रक्षकाचे नाव

अंबडपासून जवळच असलेल्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा प्राकृत-संस्कृतमिश्रित शिलालेख आहे. त्यात इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा व दाहनुका या नद्यांवर त्याने विनामूल्य तरींची सोय केल्याचा आणि त्यांच्या दोन्ही तीरांवर सभा व पाणपोया उभारल्याचा उल्लेख आहे. नदी, तिचा काठ आणि त्या काठाची सार्वजनिक जबाबदारी यांचा संबंध या भूमीत सुमारे १९०० वर्षांपूर्वी शब्दबद्ध झालेला आहे.

राजाच्या दानावर न विसंबणारी व्यवस्थाही याच प्रदेशाने निर्माण केली. नाशिक व धुळे जिल्ह्यांत मोसम, पांझरा यांसारख्या नद्यांवर चाललेल्या फड पद्धतीत बंधारा व पाट यांचे व्यवस्थापन शेतकरी स्वतः करीत. पाणी सोडणारा 'पाटकरी' आणि राखण करणारा 'जागल्या' यांना निश्चित नाव, निश्चित काम आणि निश्चित मोबदला होता. ही पदे भाषेत होती म्हणून ती समाजात टिकली, की समाजात होती म्हणून भाषेत टिकली, हा प्रश्न येथे सोडविण्याचे कारण नाही. दोन्ही गोष्टी एकत्र होत्या, एवढे पुरे आहे.

नागरी मराठीत नदीच्या अशा राखणदाराला शब्द नाही. शिटी घेऊन उभे राहणाऱ्या त्या नाशिककराचे वर्णन वृत्तपत्रांना 'पर्यावरणप्रेमी' या सैल शब्दाने करावे लागते. तो काम करतो जागल्याचे, परंतु त्याला पद नाही, अधिकार नाही आणि त्याच्या मागून येणारा कोणी नेमलेला नाही. २ ऑक्टोबर २०२२ रोजी सेवाग्राम येथून आरंभ झालेल्या 'चला जाणूया नदीला' या राज्यव्यापी अभियानात आरंभी ७५ नद्या घेण्यात आल्या. त्याच्या नावातील 'जाणणे' हे क्रियापद योग्य आहे. पण जाणण्यापाठोपाठ 'राखणे' हे क्रियापद आले पाहिजे, आणि राखणाऱ्याला पद मिळाले पाहिजे.

तात्पर्य, नाल्याला नदी म्हणणे ही पुनरुज्जीवनाची पहिली पायरी आहे, कारण त्यायोगे हेतू बदलतो. परंतु नाव पात्रावर लागते आणि पाणी पाणलोटातून येते. अंबडच्या दोन्ही अंगांना उतरणाऱ्या पाण्याची जबाबदारी डोंगरापासून मोरीपर्यंत कोणाकोणाकडे आहे, हे जोवर ठरत नाही, तोवर 'नंदिनी' हे नाव एक मागणी म्हणूनच उरेल.