बागेचे पाठभेद
औंधच्या टेकडीवरून : लेखांक ५

औंधला यमाईच्या मूळपीठाकडे चढताना डोंगराच्या निम्म्या वाटेवर श्री भवानी संग्रहालय लागते. औंध संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ साली उभारले. तिथे रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत, हेन्री मूरचे दगडातले मायलेकराचे शिल्प आहे; आणि त्यांच्याच पंगतीला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती आहेत. 'प्रतिकृती' हा शब्द पाटीवर वाचला की आपली नजर चटकन पुढच्या चित्राकडे सरकते. मूळ ते खरे, नक्कल ती दुय्यम, हा हिशेब आपल्या मनात इतका पक्का बसलेला आहे की तो तपासून पाहावा असे वाटतही नाही. तो तपासायला हवा, आणि त्यासाठी या आठवड्यात औंधपासून फार दूर, चीनमधल्या सुझोऊ शहरातल्या एका बागेत जायचे आहे. कारण बाग ही अशी कलाकृती आहे, की तिचे 'मूळ' जपून ठेवताच येत नाही. झाड वाढते, वठते. पाणी गाळाने भरते. लाकडी मंडप शे-दीडशे वर्षांत नव्याने बांधावा लागतो. तरीही सुझोऊची झुओझेंग युआन ही बाग पाचशे वर्षांची आहे असे जग मानते, आणि ते योग्यच आहे असे माझे म्हणणे आहे.

या बागेची सुरुवात १५०९ च्या सुमाराची. मिंग राजवटीतला वांग श्येनचेंग नावाचा अधिकारी दरबारातल्या राजकारणात मार खाऊन गावी परतला आणि शहराच्या ईशान्य भागात, एका पडीक देवस्थानाच्या दलदलीच्या जागेवर त्याने बाग करायला घेतली. ज्याला कारभार जमला नाही त्याने भाजीपाला पिकवावा, अशा अर्थाचे नाव त्याने तिला दिले. त्याचा स्नेही वेन झेंगमिंग हा त्या काळचा थोर चित्रकार, कवी आणि सुलेखनकार. त्याने १५३३ मध्ये या बागेतल्या ३१ जागांची चित्रे काढली, प्रत्येकीवर कविता लिहिली आणि शेवटी गद्यात बागेची हकीकत जोडली. या हकीकतीत चक्क मोजदाद आहे : दिवाणखाना एक, माडी एक, मंडप सहा, आणि बाकीच्या २३ जागा म्हणजे ओटे, डोह, ओहोळ, सखल कोपरे. म्हणजे त्या वेळी बांधकाम फार थोडे होते. चित्रांतही पाणी, बांबूची बेटे, फळझाडांचे वाफे आणि बरीच मोकळी जागा दिसते. आज तिथे जाणाऱ्याला दिसतात ते नागमोडी छताचे सोपे, एकाला एक लागून असलेले मंडप, कोरीव जाळ्यांच्या खिडक्या आणि दगडांचे डोंगर. यातले बरेचसे एकोणिसाव्या शतकातले आहे. क्रेग क्लूनस या अभ्यासकाने तर मिंग काळातल्या सुझोऊच्या बागांकडे उत्पन्न देणारी जमीन म्हणूनही पाहिले पाहिजे, असे पुराव्यानिशी दाखवून दिले आहे. फळबाग हळूहळू शोभेची झाली, आणि शोभेलाच लोक 'प्राचीन चिनी बाग' म्हणू लागले.

मधल्या काळात या जागेने काय काय पाहिले! वांगच्या मुलाने एका रात्रीच्या जुगारात ती श्यू घराण्याला गमावली असे सांगतात. पुढे तिचे तुकडे झाले. १६३१ मध्ये पूर्वेकडचा भाग वांग शिनयी नावाच्या दुसऱ्याच अधिकाऱ्याने घेऊन तिथे स्वतःची वेगळी बाग केली. मिंग राजवट कोसळल्यावर मधला भाग छेन झिलिन या मंत्र्याकडे आला. तो स्वतः राजधानीत अडकलेला, मग हद्दपार झालेला. १६६२ मध्ये बाग सरकारजमा झाली. मग कधी सरकारी कचेरी, कधी सरदाराचा वाडा, कधी पुन्हा खासगी मालक. १८६० मध्ये तायपिंग बंडखोरांनी सुझोऊ जिंकले तेव्हा त्यांचा सेनानी ली श्यूचेंग याने आपल्या महालात तिचा समावेश केला. तीन वर्षांनी शहर परत घेणाऱ्या ली होंगझांगने तिथेच आपले कार्यालय थाटले. १८७७ मध्ये झांग ल्यूच्येन या व्यापाऱ्याने पश्चिमेकडचा भाग विकत घेऊन त्याला आणखी वेगळे नाव दिले. तिन्ही तुकडे एकत्र झाले ते १९४९ नंतर, आणि १९५२ मध्ये मधला व पश्चिमेकडचा भाग लोकांसाठी खुला झाला. १९९७ मध्ये युनेस्कोने सुझोऊच्या चार बागा जागतिक वारशात घेतल्या, त्यांत ही आहेच. आज तिचे क्षेत्र सुमारे ५.२ हेक्टर आहे. इतक्या हातांतून गेलेल्या जागेत वांगच्या काळातले नेमके काय उरले, असे विचारले तर प्रामाणिक उत्तर आहे : जमिनीचा उतार, पाण्याचा विस्तार आणि काही जागांच्या मांडणीची आठवण.

आता त्या बागेतली एक गोष्ट जवळून पाहू. चिनी बागेचा जीव दगडात असतो, आणि सगळ्यांत मान्यवर दगड म्हणजे सुझोऊजवळच्या ताय सरोवरातला चुनखडीचा दगड. पाण्याने खाऊन खाऊन त्याला आरपार भोके पडलेली असतात. तो कृश असावा, सुरकुतलेला असावा, त्यातून पाणी झिरपावे आणि उजेड पलीकडे जावा, अशा त्याच्या कसोट्या ठरलेल्या आहेत. मागणी वाढली तेव्हा लोक दगड कोरून त्यात भोके पाडत, तो सरोवरात सोडून देत आणि पुढच्या पिढ्यांनी तो काढावा अशी व्यवस्था करत. आता हा दगड नैसर्गिक म्हणायचा की बनवलेला? बागेच्या दृष्टीने हा प्रश्नच गैरलागू आहे. तसेच दृश्याचे. बागेच्या मध्यभागातून पश्चिमेकडे पाहिले की तळ्याच्या पलीकडे, झाडांच्या वर नऊ मजली पॅगोडा उभा दिसतो. तो बागेतला नाहीच. एका जुन्या मंदिराचा तो मनोरा कुंपणाबाहेर बराच लांब आहे. जी छंग याने १६३४ मध्ये छापलेल्या आपल्या उद्यानशास्त्राच्या ग्रंथात या युक्तीला, म्हणजे बाहेरचे दृश्य उसने घेण्याला, फार वरचे स्थान दिले आहे. ज्या कलेचा मुख्य देखावाच दुसऱ्याच्या जागेवर उभा असतो, त्या कलेत 'मूळ वस्तू' शोधायची कुठे? ती मांडणीत असते, आणि ती मांडणी पुन्हा करता येणाऱ्या हातांत असते. ताय सरोवराकाठच्या श्यांगशानचे सुतार-गवंडी पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आले. १९८० मध्ये सुझोऊचे २७ कारागीर न्यूयॉर्कला गेले आणि तिथल्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्यांनी सुझोऊच्याच दुसऱ्या एका बागेतला चौक उभा केला. त्यासाठी आधी सुझोऊत पूर्ण आकाराचा नमुना बांधून पाहिला होता. मूळ, नमुना आणि न्यूयॉर्कचा चौक, तिन्हीकडे विद्या एकच होती.

इथे औंधकडे परत यायला हवे, कारण हाच विचार औंधच्या पैशाने पुण्यात एका प्रचंड कामात उतरला. १९१८ च्या जुलैत भवानरावांनी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराला महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढावी असे सुचवले आणि त्यासाठी एक लाख रुपये देऊ केले. आवृत्ती सचित्र असावी ही त्यांची इच्छा होती. ते स्वतः चित्रकार होते. सत्तर-बहात्तर खेड्यांच्या, विखुरलेल्या संस्थानाच्या दृष्टीने ही रक्कम लहान नव्हती. विष्णु सीताराम सुखटणकर १९२५ मध्ये प्रमुख संपादक झाले, १९३३ मध्ये आदिपर्व पुरे झाले आणि मुख्य काम १९६६ पर्यंत चालले. महाभारताचे व्यासांच्या हातचे हस्तलिखित नाही. आहेत त्या नकला, नकलांच्या नकला, काश्मीरपासून केरळपर्यंत. संपादकांनी त्या सगळ्या ताडून एक पाठ वर छापला आणि प्रत्येक श्लोकाखाली कुठल्या पोथीत काय वेगळे आहे ते बारीक टाइपात दिले. मूळ नसतानाही हे काम शास्त्रशुद्ध ठरते ते या खालच्या ओळींमुळे. झुओझेंग युआनचेही असेच आहे. तिच्या प्रत्येक मालकाने जुन्या जागेवर आपला पाठ लिहिला. आणि वेन झेंगमिंगच्या ३१ चित्रांमुळे आज कोणालाही ताडून पाहता येते, की इथे आधी संत्र्यांची झाडे होती आणि आता मंडप आहे. गंमत अशी, की १५३३ चा तो चित्रसंचही अभ्यासकांना विसाव्या शतकात छापलेल्या प्रतिमांवरूनच पाहावा लागतो. बागेच्या पुराव्याचे अस्तित्वही नकलेवरच तगलेले आहे.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे. असे म्हटले तर उद्या कोणीही सिमेंटची कमान उभारून तिला शिवकालीन म्हणेल, आणि परंपरा चालू ठेवली एवढे सांगून मोकळा होईल. आक्षेप बिनतोड आहे, पण तो नकलेवरचा नसून लपवाछपवीवरचा आहे. पुनर्बांधणी खोटी ठरते ती पूर्वीची अवस्था पुसली जाते तेव्हा. पुण्याच्या तळ्यातल्या गणपतीचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तळे करवले, १७८४ मध्ये त्यातल्या बेटावर गणपती बसला; विसाव्या शतकात तळे बुजून सारसबाग झाली. नाव राहिले, पाणी गेले. बदल व्हायला हरकत नव्हती. पण पेशवाईतले ते तळे, तो काठ, ती झाडे यांची वेनसारखी जागेगणिक चित्रे आपल्या हाती नाहीत, म्हणून हा बदल आपल्याला डोळ्यांनी ताडता येत नाही. पुनर्बांधणी करूच नये अशाही जागा असतात, हेही मान्य केले पाहिजे. बीजिंगजवळची युआनमिंग युआन ही बादशाही बाग १८६० मध्ये ब्रिटिश-फ्रेंच फौजांनी लुटून जाळली. त्या मोहिमेत हिंदुस्थानातल्या पलटणीही होत्या. चीनने तिथले संगमरवरी भग्नावशेष तसेच ठेवले आहेत. तिथे जळणे हाच जपण्यासारखा पाठ आहे. नवे बांधले तर साक्षच नाहीशी होईल.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे : बागेचे मूळ उरत नाही हे खरे, पण अजिंठा तर जागेवर आहे, मग औंधच्या प्रतिकृतींना बागेचा न्याय का लावायचा? कारण अजिंठाही जागच्या जागी बदलतो आहे. रॉबर्ट गिलने १८४४ पासून वर्षानुवर्षे लेण्यांत बसून केलेल्या बहुतेक प्रतिकृती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत १८६६ मध्ये जळाल्या. जॉन ग्रिफिथ्सने जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ मध्ये पुन्हा प्रतिकृती करवल्या. त्यांतल्याही पुष्कळ लंडनमध्येच आगीत गेल्या. आणि चित्रे नीट दिसावीत म्हणून भिंतीवर जे रोगण चढवले गेले, ते पुढे पिवळे पडून रंगांनाच बाधले. निजामाच्या राज्यात १९२० नंतर इटालियन तज्ज्ञ बोलावून ते निस्तरावे लागले. लेडी हेरिंगहॅमने १९०९ ते १९११ मध्ये नंदलाल बोस आदी तरुण चित्रकारांच्या मदतीने आणखी एक संच केला. भवानरावांनी १९३२ मध्ये अजिंठ्यावर सचित्र इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणजे शंभर वर्षांत त्या भिंतींच्या वेगवेगळ्या अवस्था वेगवेगळ्या हातांनी टिपल्या गेल्या. आज एखाद्या बोधिसत्त्वाच्या खांद्यावरचा रंग भिंतीवर गेला असेल आणि जुन्या प्रतिकृतीत असेल, तर त्या खांद्यापुरती प्रतिकृती हीच जुनी पोथी आहे. प्रतिकृतीकाराची चूक, त्याच्या काळाची आवड, रेषा थोडी गोड करण्याचा त्याचा मोह हे सगळे त्यात मिसळणार. पोथी उतरवणाऱ्या लेखकाकडूनही तेच होत असे. म्हणून कोणी पोथ्या फेकून दिल्या नाहीत, एकीशेजारी दुसरी ठेवून वाचल्या.

तिसरे म्हणणे असे, की ही सारी धनिकांची हौस. बागा अधिकाऱ्यांच्या, संग्रह राजांचा, घाम कारागिरांचा. यात तथ्य आहे, आणि ते झाकू नये. पण मालकीचा प्रश्न झुओझेंग युआनच्याच इतिहासाने सोडवला आहे. खासगी मालकीत ती जुगारात गेली, जप्त झाली, तुकड्यांत विकली गेली. सार्वजनिक झाल्यावर स्थिरावली. भवानरावांनी हे आपल्या हयातीत केले, म्हणून त्यांचे मोल मला मोठे वाटते. १९३८ मध्ये संग्रह टेकडीवर लोकांना खुला केला, आणि १९३९ च्या जानेवारीत गांधीजींच्या सल्ल्याने राज्याचा अधिकारच प्रजेच्या हाती देणारी घटना जाहीर केली. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले तेव्हा संग्रह वाटणीत विखुरला नाही. आज ते संग्रहालय महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे.

म्हणून तिथल्या प्रतिकृतींसाठी मागणी एकच, आणि ती महागडी नाही. प्रत्येक प्रतिकृतीखाली महाभारताच्या त्या आवृत्तीसारख्या चार ओळी असाव्यात : कोणी केली, कोणत्या साली केली, तेव्हा भिंतीवर चित्राचा किती भाग शाबूत होता, आणि आज किती आहे. शेजारी आजच्या भिंतीचे छायाचित्र लावावे. ग्रिफिथ्सचा आणि हेरिंगहॅमचा पाठ छापील स्वरूपात उपलब्ध आहे, तोही ठेवावा. मग शाळेची सहल आली की मुलांना एकाच बोधिसत्त्वाचे चार चेहरे समोर ठेवून विचारता येईल, यातले काय बदलले आणि कोणाच्या हाताने बदलले.