कार्बनी तारे आणि अवरक्त किरण

ज्या वृद्ध ताऱ्यांच्या वातावरणात ऑक्सिजनपेक्षा कार्बनचे अणू अधिक असतात, त्यांस कार्बनी तारे म्हणतात. इटालियन ज्योतिर्विद आंजेलो सेक्की याने १८६८ च्या सुमारास वर्णपटावरून त्यांचा निराळा वर्ग कल्पिला. परंतु यांपैकी कित्येक तारे स्वतःच बाहेर टाकलेल्या काजळीसारख्या धुळीत दडलेले असतात. त्यामुळे केवळ दृश्य प्रकाशात केलेली त्यांची गणना अपुरी ठरते. ही धूळ ताऱ्याचा प्रकाश शोषून घेते व अवरक्त किरणांच्या रूपाने परत देते. सिंह राशीतील सी. डब्ल्यू. लिओनिस हा तारा दृश्य प्रकाशात अत्यंत अंधुक, पण अवरक्तात अतिशय तेजस्वी आहे.

१९८३ साली सोडलेल्या आयरास उपग्रहाने असे तारे मोठ्या संख्येने उजेडात आणले. वर्णपटात ११.३ मायक्रॉनजवळ सिलिकॉन कार्बाइडची खूण दिसल्यास तारा कार्बनी, ९.७ मायक्रॉनजवळ सिलिकेटची दिसल्यास बहुधा ऑक्सिजनप्रधान.

आकाशगंगेच्या केंद्राकडे ऑक्सिजनप्रधान ताऱ्यांचे प्राबल्य आढळते. बाहेर जावे तसे कार्बनी ताऱ्यांचे प्रमाण वाढते. बाह्य भागात जड मूलद्रव्ये कमी असतात. तेथे मुळातच ऑक्सिजन थोडा असल्याने गर्भातून वर आलेला अल्प कार्बनही त्यावर मात करतो. म्हणून या ताऱ्यांची वाटणी ही आकाशगंगेच्या रासायनिक घडणीची साक्ष होय.