गंजलेल्या नटाची मिजास

१४ डिसेंबर १९८३ रोजी गुडगावात इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंगांच्या हातात पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली. डीआयए ६४७९ क्रमांकाची ती पांढरी गाडी त्यांनी २०१० मध्ये निधन होईपर्यंत विकली नाही. नंतर ती ग्रीन पार्कमधल्या घराबाहेर उन्हापावसात गंजत पडली आणि तिचे फोटो पाहून गाडीवेडे हळहळले. कंपनीने पुढे ती नव्यासारखी करून दिल्लीच्या मुख्यालयात मांडली. बघणारे तिच्या रंगाचं कौतुक करतात. मला मात्र अशी कुठलीही गाडी पाहिली की पहिला प्रश्न पडतो, हिचे नट सोडवले कोणी?

कारण जुनी गाडी उभी करण्यातला खरा वेळ जोडण्यात जात नाही, खोलण्यात जातो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये जी केसाएवढी फट असते, ती तो ठासून भरतो. मग पान्याला जोर लावला की नट जागचा हलत नाही, बोल्टचा दांडा मात्र पिळत जातो आणि शेवटी कट्‌कन तुटतो. बारीक बोल्ट तर मनगटाच्या जोरावरही तुटतात.

म्हणून जाणता मिस्त्री पाना उशिरा उचलतो. आधी वायर ब्रशने आटे साफ, मग तेल, मग हातोडीच्या हलक्या टिचक्या, की पुन्हा तेल आणि रात्रभर विश्रांती. टिचकीने गंजाला तडे जातात आणि त्या तड्यांतून तेल आत उतरतं. गॅरेजात सर्रास दिसणारा डब्लूडी-४० चा डबा मुळात या कामासाठी नव्हताच. १९५३ मध्ये सॅन दिएगोतल्या एका छोट्या कंपनीने तो पाणी हटवून गंज रोखण्यासाठी तयार केला, आणि अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्यावर त्याचा वापर झाला. नावातला चाळीस हा आकडा चाळिसाव्या प्रयोगाचा. हट्टी नटासाठी गंजात मुरणारं खास तेल बरं. सोडवताना नट आधी किंचित आवळायचा आणि मग उलटा फिरवायचा, ही युक्ती विचित्र वाटते, पण गंजाची पकड बऱ्याचदा त्यानेच मोडते.

तेलाला दाद दिली नाही, तर गॅसची ज्योत. मीटरभर पोलादी सळई १०० अंशांनी तापली की साधारण १.२ मिलिमीटर वाढते, अ‍ॅल्युमिनियमची जवळपास दुप्पट. म्हणून तापवायचा नट, बोल्ट नव्हे. नट फुगला की पकड सैल होते. गरम आट्यांना मेणबत्ती टेकवली की वितळलेलं मेण आत शोषलं जातं. पण आजूबाजूला पेट्रोलची टाकी, ब्रेकचा पाइप किंवा रबरी बुश असेल तर ज्योत पेटवायचीच नाही. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेल्या भागाला आच दिली तर फॉस्जिन तयार होऊ शकतो, म्हणजे पहिल्या महायुद्धात खंदकांत सोडलेला विषारी वायू.

तरी बोल्ट तुटलाच, तर त्याच्या बुडख्यावर नवा नट वेल्ड करून फिरवून पाहावा. वेल्डिंगची आचच अर्धं काम करते. नाहीतर मध्यावर पंच मारून उलट्या दिशेने कापणारं ड्रिल लावायचं. भोकात घालून तुटका बोल्ट बाहेर फिरवणारं ईझीआउट मला अगदी शेवटचा उपाय वाटतं. ते कडक पोलादाचं असतं. आतच मोडलं, तर साधं ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही.

दिल्लीत गंजापेक्षा अज्ञान जास्त बोल्ट मोडतं. द स्टेट्समन वृत्तपत्राची जुन्या गाड्यांची रॅली १९६४ पासून इथे भरते, आणि तिच्यात उतरणाऱ्या युद्धपूर्व ब्रिटिश गाड्यांना व्हिटवर्थचे आटे असतात. १८४१ मध्ये ठरलेले, ५५ अंशांच्या कोनाचे. मेट्रिकचे ६० अंशांचे. व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा नटाच्या रुंदीचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. ‘बसतोय जवळपास’ म्हणून मेट्रिक पाना लावला की नटाचे कोपरे गोल झालेच म्हणून समजा. मॉरिस या ब्रिटिश मोटार कंपनीने तर कहरच केला. फ्रेंच हॉचकिस कंपनीचा कॉव्हेंट्रीतला इंजिन कारखाना त्यांनी घेतला आणि पुढे कित्येक वर्षं इंजिनात मेट्रिक आटे, वर व्हिटवर्थ मापाची डोकी, असा संकर चालू ठेवला. असा बोल्ट तुटला तर दुकानातून आणणार काय? आणि जुन्या विलीज जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. हे माहीत नसलेला गडी पान्यात पाइप घालून त्यावर उभा राहतो आणि सोडवण्याऐवजी जीव तोडून आवळत राहतो.

जाम इंजिनाचं शास्त्र त्याहून संयमाचं. प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल सोडायचं, काही दिवस विसरून जायचं आणि मग फ्लायव्हील बोटभर पुढे, बोटभर मागे. दुसऱ्या गाडीने ओढून ‘चालू’ करणारे कनेक्टिंग रॉड वाकवून बसतात. ब्रेकचं सिलिंडर जाम होतं, कारण ब्रेकचं तेल हवेतलं पाणी ओढतं. अडकलेला पिस्टन ग्रीसगनने ढकलावा. कॉम्प्रेसरची हवा मारली तर तो गोळीसारखा सुटतो.

चाणक्यपुरीच्या रेल्वे संग्रहालयातला १९१४ सालचा जॉन मॉरिस आगीचा बंब मूळ निजामाच्या रेल्वेचा, म्हणजे आपल्या मराठवाड्यातून धावणाऱ्या रेल्वेचा. भरीव रबरी टायर असलेला हा बंब स्टेट्समनच्या रॅलीत धावलेला आहे. म्हातारा जाम न होता चालता राहिला, तो त्याला अधूनमधून बाहेर काढलं म्हणून.

बाकीच्यांची गोष्ट कायद्यात अडकते. १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना दिल्लीच्या रस्त्यांवर बंदी घालणारा हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केला. त्याची अंमलबजावणी आजवर कधी कडक, कधी सैल झाली. याउलट २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी दिली. नवी नोंदणी २०,००० रुपये. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नको. मधल्या ३५ वर्षांतल्या पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर आणि कॉन्टेसा मायापुरीच्या भंगारात सुटतात. दोन दुनियांचं नातं तिथेच जुळतं: एकाच्या मरणातून दुसऱ्याला मूळ मापाचा बोल्ट मिळतो.

पण मूळपणाच्या भक्तीलाही मर्यादा हवी. बॉनेटखाली दिसणारी, कंपनीचा शिक्का असलेली डोकी जीव लावून वाचवावीत. त्यासाठी आठवडा गेला तरी चालेल. स्टिअरिंग, सस्पेन्शन आणि ब्रेकचे गंजून बारीक झालेले बोल्ट मात्र सरळ कापावेत, आणि मूळ आट्यांचे, मूळच्या इतक्याच किंवा जास्त ताकदीचे नवे बसवावेत. रॅलीतल्या परीक्षकाने त्यापायी गुण कापले, तर कापू द्यावेत.