भयाचा दाखला

दिवाळीची सुट्टी लागली, की जळगाव-धुळ्याच्या घराघरांत तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचा एक ठराविक हट्ट सुरू होतो. वर्गातल्या साऱ्यांनी पाहिलेला अमुक एक भयपट आपणही पाहणारच, असे ती निक्षून सांगतात. आणि ज्या वडिलांनी आपल्या उमेदीच्या काळात रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ घरच्यांना थाप मारून पाहिलेला असतो, तेच वडील आता गंभीर मुद्रेने त्या चित्रपटाचा दाखला तपासू लागतात.

हा दाखला नेमके काय सांगतो, याविषयी पुष्कळ घोळ आहे. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली आरंभी सर्वांसाठी ‘यू’ आणि प्रौढांसाठी ‘ए’ एवढेच भेद होते. १९८३ मध्ये त्यांच्या मधोमध ‘यूए’ आले, आणि २०२३ च्या दुरुस्तीने त्या ‘यूए’चेही सात, तेरा व सोळा असे वयपरत्वे तीन भाग पाडले. ‘ए’ दाखल्याच्या खेळाला अठरा वर्षांखालील मुलास, आईवडील सोबत असले तरीही, आत सोडण्याची चित्रपटगृहाला मुभा नाही. ‘यूए १३+’ची गोष्ट निराळी: त्याची अंमलबजावणी पालकांवाचून अन्य कोणीही करावयाची नाही, असे कायद्यातच नमूद आहे, म्हणजे दरवानाच्या हातची काठी सरकारने रीतसर आईबापांच्या स्वाधीन केली आहे. अमेरिकेतही १९८४ साली ‘इंडियाना जोन्स’ मालिकेतील दुसऱ्या चित्रपटावरून आणि ‘ग्रेमलिन्स’वरून पालकांनी ओरड केली, तेव्हा तेरा वर्षांची अशीच एक पायरी घालावी लागली, परंतु तेथेही ती केवळ ताकीद आहे, मनाई नव्हे.

मग ही काठी उगारावी केव्हा? बहुतेक पालक रक्त किती सांडले आणि भुताचा चेहरा किती विद्रूप आहे, याचा हिशेब करतात. तो हिशेब पाच वर्षांच्या मुलाला लागू पडतो, चौदा वर्षांच्या नव्हे. मुलांच्या भीतीचा दीर्घकाळ अभ्यास केलेल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातील जोआन कँटर यांचे निरीक्षण असे, की लहानग्यांना भिववते ते रूप, आणि वाढत्या वयाच्या मुलांना भिववते ती शक्यता. सुळे बाहेर आलेल्या पिशाच्चाला आठवीतला मुलगा हसतो. परंतु अपहरण, घरातल्याच माणसाची क्रूरता, आईच्या जिवावर बेतलेले संकट हे जे उद्या आपल्याही दारी येऊ शकेल, ते त्याच्या मनात चित्रपट संपल्यावरही ठाण मांडून बसते.

राही अनिल बर्वे यांचा २०१८ चा ‘तुंबाड’ या दृष्टीने फार विचार करण्यासारखा आहे. नारायण धारपांच्या कथेवरून सुचलेला आणि श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून नाव घेतलेला हा चित्रपट २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा ‘लोभाचे फळ काय, ते मुलांना कळेल, दाखवायला काय हरकत आहे?’ असा युक्तिवाद करणारे गृहस्थ मला भेटले. त्याला ‘ए’ दाखला आहे, हे कानावर घालूनही त्यांचे समाधान होईना. बोध चांगला असला म्हणजे वयाची अट शिथिल होते, ही समजूत मला मान्य नाही. त्यातली भयानक आजी आणि नायकाचा मुलगा या दोन्ही भूमिका मोहम्मद समद या एकाच नटाने केल्या आहेत, एवढे सांगितले तरी मुलाच्या मनातला त्या मुखवट्याचा दरारा निम्मा ओसरेल. परंतु बाप आपल्या मुलाला हौसेने विहिरीत उतरवून स्वतःची हाव शिकवतो, ही भीती कोणत्या खुलाशाने घालवणार? वडील हे काय माणूस आहेत, हे ज्या वयात मुलगा मनोमन ठरवीत असतो, त्या वयात हा चित्रपट जड जाईल.

खानदेशात आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते, जी मुंबईत बसून दाखला देणाऱ्यांच्या नजरेस क्वचितच पडत असेल. उलट्या पावलांची, लांब वेणीची चेटकीण पुण्यातल्या मुलाला निव्वळ मौज वाटते. परंतु सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगराळ भागात, ‘डाकीण’ हा जिवंत बाईवर घेतला जाणारा आळ आहे. त्यापायी बायकांना मारहाण झाली, गावाबाहेर काढले गेले. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते त्याविरुद्ध वर्षानुवर्षे झटत आले, आणि २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा झाला तो अशाच अघोरी प्रकारांना आळा घालण्यासाठी. तेव्हा शिरपूर-चोपड्याच्या पालकाने एक प्रश्न अधिक विचारावा: या चित्रपटाच्या शेवटी दोषी कोण ठरते? एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडे संशयाने पाहावयास तो शिकवीत असेल, तर हसतखेळत भिववणाऱ्या ‘यूए’ चित्रपटावरही ‘ए’पेक्षा अधिक बोलणे भाग आहे. उलट २०१७ च्या मराठी ‘लपाछपी’त उसाच्या फडातल्या घरात वावरणारे भय अखेरीस स्त्रीभ्रूणहत्येपाशी, म्हणजे माणसांच्याच गुन्ह्यापाशी येऊन थांबते. गर्भवतीचे हाल त्यात फार आहेत, म्हणून तेरा वर्षांच्या मुलामुलींना मी तो दाखवणार नाही. अकरावीतल्या भाचीबरोबर मात्र अवश्य पाहीन.

चित्रपट आधी स्वतः पाहावा, दुपारचा खेळ निवडावा, आणि मधूनच उठून बाहेर येण्यात कमीपणा नाही हे निघण्यापूर्वीच, मित्रांच्या माघारी, मुलाला सांगून ठेवावे. कारण मित्रांदेखत तो मरेल, पण उठणार नाही. चित्रपटगृहात निदान शेजारी माणसे असतात. खरी पंचाईत आहे ती रात्री पांघरुणाखाली, कानात इअरफोन घालून मोबाइलवर पाहिल्या जाणाऱ्या खेळाची. २०२१ च्या नियमांनी ओटीटी मंचांना तेरा वर्षांवरील वर्गाच्या चित्रपटांसाठी पालकांच्या हाती कुलूप देणे बंधनकारक केले खरे. परंतु आपल्याकडे बहुतेक घरांत ते कुलूप बसवून देण्याचे काम वडील मुलालाच सांगतात.