मनालीत दिसणारं प्रत्येक उंच झाड देवदार नसतं. ‘राई’ कशी ओळखाल?

हिमाचलमध्ये पर्यटक अनेकदा प्रत्येक सूचीपर्णी झाडाला देवदार म्हणतात. पण साधारण २,४०० ते ३,६०० मीटर उंचीवर तिथे हिमालयीन स्प्रूसही वाढतो. स्थानिक लोक त्याला ‘राई’ म्हणतात.

ओळख कशी पटवायची? खाली पडलेली सुई बोटांत फिरवा. राईची सुई चौकोनी असल्याने सहज फिरते, ‘तोश’ या फर वृक्षाची चपटी सुई फिरत नाही. देवदाराच्या सुया झुपक्यांत येतात, राईच्या सुट्या. राईचे शंकू फांदीवरून खाली लोंबतात, देवदार आणि तोशचे उभे असतात.

काळजी काय घ्यायची? राईची मुळं उथळ असतात. बुंध्याजवळची माती तुडवली, तिथे गाडी लावली की मुळांची हवा आणि पाणी तुटतं. रोपही घरी आणू नका. मैदानातल्या उन्हाळ्यात ते तग धरत नाही.